दुधाचे माप, शेणाचे पाप

२०२४ सालच्या गुढीपाडव्याला, ९ एप्रिलच्या त्या मंगळवारी, महाराष्ट्राच्या दारोदारीच्या गुढ्या मावळतीला उतरवल्या जात असताना, नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात वाकडी नावाच्या गावी एक मांजर विहिरीत पडले. विहीर पाण्याची उरली नव्हती. वापरातून गेलेल्या त्या विहिरीत गोठ्यातले शेणमूत साठवले जात होते. आत आंबून फसफसणारा रेंदा होता. मांजराला काढायला एक जण उतरला, तो रुतला. त्याला काढायला दुसरा उतरला, तो गुदमरला. त्याच्यामागे तिसरा, त्याच्यामागे चौथा. बघता बघता सहा जण आत गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एकटा तेवढा जिवंत वर आला. पाच मेले.

दुसऱ्या दिवशी मथळ्यांत मांजर होते. मांजरापायी माणसे मेली असा सूर सर्वत्र लागला, आणि त्या सुरात आम्ही वृत्तपत्रवालेही सामील होतो, हे कबूल केल्याशिवाय पुढचे एक अक्षर लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही. मांजर निमित्त होते. ज्याने त्या पाच जणांचा श्वास कोंडला त्याचे नाव घ्यायला मात्र कुणाची जीभ रेटली नाही, कारण ते नाव या देशात पवित्र मानले जाते. शेणमूत हवेवाचून कुजू लागले की त्यातून मिथेन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा जहरी वायू निघतो. या तिसऱ्याची तऱ्हा कपटी आहे: थोडा असताना तो सडक्या अंड्यासारखा घाण मारतो, पण वाढला की आधी नाकच बधिर करतो, म्हणजे वास गेला असे वाटते त्या क्षणी माणूस मृत्यूच्या दारात उभा असतो. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडची शहाणी रीत इथे पाळावी, तर मिथेन पेटून काठावरचेही होरपळायचे. वाडवडिलांचे शहाणपण जिथे तोकडे पडते असे संकट आपण आपल्याच परसात खोदून ठेवले आहे, आणि त्यावर ना झाकण आहे, ना कठडा, ना धोक्याची पाटी.

शेणाविषयी या महाराष्ट्राच्या मनात जी माया आहे तिची थट्टा आम्हांला करायची नाही. शेणाने सारवलेल्या भुईवर आमचीही बालपणे रांगली आहेत, अंगणातल्या सड्याचा ओला वास आमच्याही नाकात आहे, आणि गोवऱ्यांच्या होळीभोवती आम्हीही बोंब मारली आहे. पण ज्या आजीने ती भुई सारवली तिच्या दारात दोन गाई होत्या. त्या दिवसभर रानात चरत, त्यांचे अर्धे शेण रानातच पडे, आणि उरलेल्या अर्ध्यातला एकेक पो सारवणाला, गोवरीला आणि खताला पुरत नसे. आज त्याच घराच्या पाठीमागे दहा-बारा संकरित गाई चोवीस तास सिमेंटच्या कोब्यावर उभ्या आहेत, त्यांच्यापुढे कडबाकुट्टी आणि मुरघास पडतो, आणि त्यांच्यामागे जे पडते ते नळीच्या फवाऱ्याने धुऊन, बांध ओलांडून, ओढ्याच्या दिशेने ढकलले जाते. आजीचे शेण वस्तू होती. नातवाचे शेण सांडपाणी आहे. तरीही नातू आजीच्या पुण्याईवर बिनघोर झोपतो, आणि शासन नातवाच्या झोपेवर.

किती शेण? २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल सुमारे १ कोटी ३९ लाख आणि म्हशी-रेडे सुमारे ५६ लाख भरले. चारशे किलो वजनाचे जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकते, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणते; आपली गावठी गुरे अंगाने किरकोळ, त्यात वासरेही आली, म्हणून आम्ही हात आखडून डोईमागे दहाच किलो धरतो. तरी रोजचे शेण पावणेदोन लाख टनांच्या वर जाते, दोन लाखांच्या घरात पोहोचते. दहा टनी ट्रकांत भरले तर साडेएकोणीस हजार ट्रक. रोज. सणाला, सुतकाला, निवडणुकीच्या आचारसंहितेतही. मूत वेगळे, धुवण वेगळे, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या आणि कोंबडखत आणखी वेगळे.

आता एका बाजूला हे ट्रक ठेवा आणि दुसऱ्या बाजूला पहाटेचे दूध संकलन केंद्र. तिथे किटलीतले दूध मापाने मोजले जाते, यंत्रात थेंब घालून त्याची फॅट दशांशापर्यंत काढली जाते, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, काढले जाते, दशांशाच्या फरकावर रुपये कापले जातात, पावती फाडली जाते, आणि दर रुपयाने घसरला की मंत्र्यांच्या दारात दूध ओतायला पुढाऱ्यांची रीघ लागते. ज्या गाईच्या दुधाचा असा सराफी हिशेब ठेवला जातो, त्याच गाईच्या शेणाचे काय झाले, ते कुठे गेले, कुणाच्या विहिरीत उतरले, कुणाच्या लेकराच्या पोटात शिरले, हे विचारणारे एकही खाते, एकही संघ, एकही वही या राज्यात नाही. पशुसंवर्धन खाते म्हणते आमचे काम जनावराच्या आरोग्याचे, आरोग्य खाते म्हणते आमचे काम माणसाचे, पाणीपुरवठा खाते म्हणते आमचे काम नळाचे, प्रदूषण मंडळ म्हणते आमचे काम कारखान्यांचे, आणि या चौघांच्या मधल्या मोकळ्या जागेत उकिरडा वाढतो. दुधाला शंभर बाप आहेत. शेण बेवारस आहे.

बेवारस वस्तू पाण्यात जाते. पहिल्या पावसाबरोबर गावच्या चढावरचे सगळे उकिरडे उतरणीला लागतात आणि उतरणीला, गावाच्या पूर्वजांनी पाणी लागते म्हणून हेरलेल्या नेमक्या त्या जागी, विहीर असते. मग जुलै येतो, जुलाब येतात, ग्रामपंचायतीचा शिपाई पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची पुडी घेऊन धावतो, आरोग्यसेविका ओआरएसची पाकिटे वाटते, आणि दरवर्षी न चुकता साथ 'दूषित पाण्यामुळे' आली असे लिहून कागद वर जातो. कशाने दूषित? त्या शब्दावर आमचा कारभार येऊन थबकतो. ई-कोलायच्या मारक जाती, साल्मोनेला, क्रिप्टोस्पोरिडियम हा क्लोरिनलाही दाद न देणारा परोपजीवी, ही सगळी गुराढोरांच्या आतड्यांतली वस्ती. ती शेणाबरोबर बाहेर पडते आणि ओल्या ढिगात आठवडेच्या आठवडे टिकून राहते. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून त्यांना सोडून द्यायचे म्हटले, तर नायट्रेटचे काय? पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नको, असे भारतीय मानक सांगते, कारण त्या पाण्यावर पोसलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहण्याची शक्ती खचते आणि मूल निळे पडते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील तीनांपैकी एकाहून अधिक पाणीनमुने ही मर्यादा ओलांडून गेलेले आढळले. युरियाचा हात त्यात मोठा आहे, हे खरे. पण गुरांच्या शेणमुताचा हात त्यात आहे हेही भूजलाचे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आहेत, आणि युरियाची गोणी निदान मोजली तरी जाते.

शहरातल्या वाचकाला वाटत असेल, हे खेड्याचे रडगाणे आहे. त्याने २०२५ चा जानेवारी आठवावा. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. जीबीएस, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम, हे नाव घरोघर पोहोचले. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, कित्येकांना व्हेंटिलेटर लागला आणि काही दगावले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. हा जंतू मुळात राहतो कुठे? कोंबड्यांच्या, गुरांच्या, पशुपक्ष्यांच्या आतड्यांत. त्या साथीतला प्रत्येक जंतू अमक्याच खुराड्यातून वा गोठ्यातून आला असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमचे म्हणणे एवढेच की, वाढत्या शहराने गिळलेल्या, नळ आणि विहीर यांच्या मध्ये लटकलेल्या त्या गावांत कुणाची विष्ठा कुणाच्या पाण्यात मिसळते याचा नकाशा साथीच्या आधी तयार असायला हवा होता. तो नसल्यामुळे साथ आल्यावर बाटल्या घेऊन धावाधाव करावी लागली.

कोंबडीचा विषय निघाला म्हणून आठवण देतो. भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला उघडकीस आली. तो विषाणू पक्ष्याच्या विष्ठेतून पसरतो. आणि आपण ते कोंबडखत कच्चेच, उघड्या ट्रॉलीतून, रस्त्याला सांडत, द्राक्षबागांना आणि भाजीच्या वाफ्यांना नेऊन घालतो. मागून माश्यांचे ढग येतात, गाव दारेखिडक्या लावून जेवायला बसते, आणि तक्रार केली तर उत्तर मिळते की शेती म्हटली की वास आलाच.

माशीला आपण क्षुल्लक समजतो, तिथेच फसतो. ओल्या शेणात घातलेल्या अंड्यातून उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी माशी उडते, आणि उकिरड्यावरून उठून ती थेट भाकरीवर बसते. तिच्याहून बारीक, डासाहूनही बारीक, सँडफ्लाय नावाची एक माशी आहे. मातीच्या भिंतींच्या भेगा, शेणामातीचा ओलावा आणि गुरांचा गोठा हे तिचे माहेर. १९६५ साली याच महाराष्ट्रात, नागपूर भागातल्या चांदीपुरा या ठिकाणच्या रुग्णांच्या रक्तात, पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू सापडला, आणि जगाच्या वैद्यकात आपल्या एका वस्तीचे नाव कायमचे कोरले गेले. सँडफ्लाय त्याची वाहक. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ मेली. तपासात चांदीपुराचे नाव पुढे आले. विदर्भानेही त्याचे घाव सोसले, २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातने सोसले. सकाळी ताप, दुपारी झटके, दुसऱ्या दिवशी तिरडी, अशी त्याची चाल. साथ आली की फवारणीचा पंप गोठ्यात फिरतो, छायाचित्र निघते, पंप परत जातो. भेगा तशाच राहतात.

आणि या सगळ्या पसाऱ्यात शेणाला हात लावतो कोण? पुरुष धारेला बसतो, डेअरीवर जातो, पावती घेतो, पैसे घेतो. शेण बाई काढते. पहाटे पाचला, अनवाणी, उघड्या हातांनी, भेगाळलेल्या तळव्यांनी ती शेणाची पाटी भरते, डोक्यावर घेते, त्याचा ओघळ कानशिलावरून गळ्यात उतरतो, आणि तेच हात राखेने नाहीतर नुसत्या पाण्याने विसळून ती पीठ मळायला बसते. त्याच शेणाच्या गोवऱ्या थापून तीच त्या चुलीत घालते आणि त्यांचा धूर तीच छातीत घेते. गाय गाभडली, तर पडलेला गर्भ आणि वार उचलून उकिरड्यावर टाकणारी तीच. आणि त्यातूनच सांसर्गिक गर्भपाताचा, ब्रुसेलाचा जंतू तिच्या अंगात शिरतो. मग तिला ताप येतो, जातो, पुन्हा येतो. सांधे धरतात, कंबर मोडते. कधी मलेरिया म्हणून, कधी टायफॉइड म्हणून, कधी बाईची कुरकुर म्हणून तो निकालात निघतो. कालवडींना ब्रुसेलाची लस टोचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ पासून आहे, हे चांगलेच झाले. कालवडीच्या मालकिणीची रक्ततपासणी कुणाच्या कार्यक्रमात आहे? गाईच्या खुरांना इजा होऊ नये म्हणून गोठ्यात रबरी मॅट अंथरलेली आम्ही ठिकठिकाणी पाहिली आहे, आणि ते योग्यच आहे. त्या मॅटवरचे शेण काढणाऱ्या बाईच्या हाताला मात्र चाळीस रुपयांचा रबरी हातमोजा नाही.

दुधात प्रतिजैविकांचा अंश सापडला तर चांगली डेअरी तो टँकर परत पाठवते, कारण ग्राहक पैसे मोजतो. कासदाह झालेल्या गाईला टोचलेल्या त्याच औषधाचा बराचसा भाग शेणामुतातून जमिनीत जातो, आणि तिथे औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची तालीम सुरू होते. इतर सगळी औषधे हरली की डॉक्टर ज्याच्याकडे वळतात ते कोलिस्टिन कोंबड्या-जनावरांना देण्यावर केंद्राला २०१९ साली बंदी घालावी लागली, ती याच भीतीने. शेणाची तपासणी कोण करतो? शेण कुणी विकत घेत नाही. म्हणून कुणीही नाही.

इथे कुणी धर्मरक्षक बाह्या सरसावून पुढे येईल आणि विचारील, शेणात औषधी गुण असतात हे तुम्हांला ठाऊक नाही काय? त्याला आमचे उत्तर या देशाच्या बाळंतघरांनी देऊन ठेवले आहे. बाळाची नाळ कापून त्या ओल्या जखमेवर शेण किंवा शेणाची राख लावण्याची रीत या देशात शतकानुशतके चालली. जनावरांच्या विष्ठेतले धनुर्वाताचे बीज त्या जखमेतून बाळात शिरे, काही दिवसांतच बाळ धनुष्यासारखे वाकून मरे, आणि सटवीने नेले म्हणून आई कपाळ बडवी. काही दशकांपूर्वीपर्यंत या देशात नवजात बालकांच्या धनुर्वाताचे दीड ते दोन लाख रुग्ण वर्षाला नोंदले जात. पुढे आईला लस मिळू लागली, पाते उकळले जाऊ लागले, नाळेला काहीही लावू नका असे सुईणींना घरोघर जाऊन बजावले गेले, आणि २०१५ मध्ये माता आणि नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. त्या मोहिमेत एकाही गाईचा अपमान झाला नाही, एकाही देवळाचा कळस ढळला नाही. लाखो बाळे मात्र वाचली. तरी २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, शेजारच्या गुजरातेत शिकलेली माणसे रोगप्रतिकारासाठी अंगाला शेणगोमूत्र फासून गोशाळेत बसली, आणि तसे करू नका असे डॉक्टरांना हात जोडून सांगावे लागले.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात वॉकर्टन नावाचे लहानसे गाव आहे. मे २००० मध्ये धुवांधार पावसाने तिथल्या एका शेतावरचे गुरांचे खत गावाच्या विहिरीत उतरले, पाण्यातल्या क्लोरिनकडे नेमलेल्या माणसांचे दुर्लक्ष झाले होते, आणि ई-कोलायने सुमारे २,३०० माणसे आजारी पडून सात मेली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांची चौकशी बसली. तिने शेतकऱ्याला दोष दिला नाही, कारण त्याने खत रीतसर घातले होते. दोष दिला तो पाणीखात्याच्या खोट्या नोंदींना आणि तपासणीवरचा खर्च छाटणाऱ्या सरकारला. पाणी सांभाळणाऱ्यांना न्यायालयापुढे उभे राहावे लागले आणि प्रांताचे पाण्याचे कायदे बदलले. तिकडे सात मेले तेव्हा राज्य जागे झाले. आमच्याकडे एका विहिरीत पाच मेले, तेव्हा मांजर चर्चेत आले.

कायदा नाही म्हणून हात बांधलेले आहेत, ही सबब तर कुणी सांगूच नये. सार्वजनिक विहिरीचे पाणी घाण करणे हा १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. शहरांतल्या गुरांसाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. मुंबईच्या गल्लीबोळांतले तबेले बाहेर काढण्यासाठी १९४९ साली आरेची दुग्धवसाहत उभी राहिली. पुढे शहरच आरेपर्यंत आणि आरेच्या पलीकडे गेले, तबेले पुन्हा वस्तीच्या पोटात आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तबेले हलवण्यासाठी दापचरीचे नाव निघाले, तारखा पडल्या, आणि शेण गटारातून खाडीकडे वाहत राहिले. दुग्धशाळा व गोशाळांनी शेण, मूत आणि धुवण यांचे काय करावे, याच्या सविस्तर मार्गदर्शक सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये काढल्या. आपल्या गावातल्या ग्रामसेवकाला त्या विचारून पाहा. तो तुमच्याकडे ज्या नजरेने पाहील, ती नजर म्हणजे आमच्या राज्यकारभाराचे खरे छायाचित्र. आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी याच राज्याच्या मंत्रिमंडळाने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' ही पदवी बहाल केली, गोशाळांतल्या देशी गाईंसाठी गाईमागे दिवसाला पन्नास रुपयांचे अनुदान जाहीर केले. आम्ही त्या अनुदानाविरुद्ध नाही. भुकेल्या गाईच्या तोंडचा घास काढावा असे म्हणणारा नीच आम्ही नव्हे. पण मातेला पदवी द्यायची आणि तिच्या पायाखालचे उकिरडे लेकरांच्या पिण्याच्या पाण्यात सोडायचे, ही कोणत्या पोथीतली मातृभक्ती आहे? मातेचा गोठा झाडायला कुणी तयार नाही. तिच्या नावाने घोषणा द्यायला सगळे तयार आहेत.

सर्वांत लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. या रोगावरचे औषध परदेशातून आणायचे नाही, ते याच मातीत सापडले होते. कोकणचे गांधी म्हणून ज्यांना लोकांनी ओळखले त्या अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात घाणीपासून खत आणि सफाईपासून प्रतिष्ठा कशी काढावी हे स्वतःच्या हातांनी करून दाखवले. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी, महाराष्ट्राच्या लाडक्या नाडेप काकांनी, विटांची, भोकाभोकांच्या भिंतींची एक साधी टाकी बांधली आणि थोड्याशा शेणात भरपूर काडीकचरा कुजवून कसदार खत करण्याची रीत देशाला दिली. नीट रचलेल्या खताच्या ढिगाच्या पोटात उष्णता पंचावन्न अंशांच्या वर चढते आणि काही दिवस टिकली की बहुतेक रोगजंतू त्यातच भाजून मरतात. देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून गेलेल्या डॉ. सुहास मापुसकरांनी गोळ्या देता देता ओळखले की रोग दवाखान्यात बरा होत नाही, तो परसात बरा करावा लागतो. संडास आणि बायोगॅस यांची सांगड घालण्यात त्यांनी आयुष्य वेचले, आणि २०१७ मध्ये, ते गेल्यानंतर, त्यांना पद्मश्री मिळाली. गाडगेबाबांच्या नावाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान निघाले तेव्हा गावेच्या गावे झाडू घेऊन रस्त्यावर उतरली, हे आम्ही याच डोळ्यांनी पाहिले. म्हणजे माणसे होती, रीती होत्या, उत्साहही होता. आम्ही त्या माणसांचे पुतळे केले, जयंत्या केल्या, त्यांच्या नावे पुरस्कार ठेवले. गोबरगॅसचे संयंत्र मात्र अनुदानाचा हप्ता उचलल्यावर किती दिवस पेटते, याची पाहणी करायला कुणाचे पाय वळले नाहीत, आणि बंद पडलेले खड्डे तसेच, उघडे, पोटात वायू घेऊन, पुढच्या मांजराची वाट पाहत पडले.

आमचा राग शेतकऱ्यावर नाही, हे कुणी मुद्दाम चुकीचे वाचू नये. दुधाच्या दरात ज्याचा पेंडीचा खर्च निघत नाही त्याने पदरचे लाख रुपये घालून सिमेंटचा खतखड्डा बांधावा, असा उपदेश वातानुकूलित खोलीत बसून करणे हा निर्लज्जपणा आहे. दूध संघांनी गावोगाव शीतकरण यंत्रे बसवली, टँकर घेतले, जाहिराती केल्या. दुधाच्या प्रत्येक लिटरमागे काही पैसे बाजूला काढून गावचे सामाईक बायोगॅस आणि खतप्रकल्प चालवणे त्यांना जड नाही, आणि शासनाने अनुदानाची अट म्हणून तसे लिहून घेतले तर त्यांना नाही म्हणता येणार नाही. ग्रामसभेने विहिरीच्या चढावरचा एकेक उकिरडा पावसाच्या आधी हलवावा. आरोग्य खात्याने जुलाबाच्या साथीच्या कागदावर 'दूषित पाणी' एवढेच लिहून सुटू नये; पाण्यात काय होते आणि ते कुठून आले, हे लिहावे. शेण काढणाऱ्या प्रत्येक बाईला गमबूट आणि हातमोजे मिळावेत, आणि ती तापाने फणफणली तर तिच्या गोठ्यातल्या गाईविषयी तिला विचारणारा एक तरी डॉक्टर तालुक्याला असावा.

आणि वाकडीची ती विहीर. पडीक विहिरी, आड आणि खड्डे, ज्यांत आज शेणमुताचा रेंदा साठवला जातो, ते या राज्यात एकूण किती आहेत? त्यांतल्या कितींवर झाकण आहे, किती बुजवले, किती तसेच आहेत? पाच माणसे गेल्यानंतर असा आकडा जनतेसमोर ठेवलेला आमच्या पाहण्यात आलेला नाही. तलाठ्याने, ग्रामसेवकाने, पशुधन पर्यवेक्षकाने मनावर घेतले तर एका महिन्यात गावनिहाय यादी तयार होते. पीकपाहणी होते तशी. मृगाचा पाऊस पडण्याआधी शासनाने ती यादी जाहीर करावी. ती आली, तर याच स्तंभात, गावांच्या नावांसह, आम्ही ती छापू. नाही आली, तर ही जागा त्या दिवशी आम्ही कोरी सोडू.